अलीवालचा लाल, मैवंदचा लाल : हाताने रंगवलेल्या पाच युद्धचित्रांचं एक प्रकरण

उत्तर इंग्लंडमधल्या एका लिलावगृहाच्या यादीत एक लॉट, म्हणजे एकत्र विकायला काढलेला गठ्ठा, होता : हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानातल्या लढायांची पाच जुनी, हाताने रंगवलेली एनग्रेव्हिंग्ज, म्हणजे कोरीव ठशांवरून छापलेली चित्रं. अंदाजे किंमत ३०० ते ४०० पौंड. माझी भाची तिकडेच नोकरीला आहे आणि व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातल्या, वसाहतींमधल्या लढायांची छापचित्रं ती जमवते. तिने यादीतले फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, हे घेऊ का? आणि घ्यायचं तर कितीपर्यंत जाऊ?"

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या छंदातले बहुतेक पेच त्या एका लॉटमध्ये एकत्र आले होते. तीन निरनिराळ्या तंत्रांनी छापलेली चित्रं, सगळ्यांवर हाताने दिलेला रंग आणि यादीत सगळ्यांचं मिळून एकच वर्णन. छपाई एका काळातली आणि रंग भलत्याच काळातला, असं या चित्रांच्या बाबतीत सर्रास होतं. किंमत बहुतांशी ठरते ती रंग केव्हा दिला यावर, आणि यादी नेमकी त्याच बाबतीत गप्प होती.

लॉटमध्ये काय होतं

सगळ्यात मोठं चित्र अलीवालच्या लढाईचं होतं. २८ जानेवारी १८४६ रोजी सतलजच्या काठी सर हॅरी स्मिथच्या फौजेने रणजोधसिंग मजिठियाच्या शीख फौजेचा पराभव केला. त्या दिवशी १६ व्या लान्सर्सनी, म्हणजे भालाईत घोडदळाने, शीख पायदळाच्या फळ्यांवर घातलेला घाला इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत झाला. या रेजिमेंटच्या भाल्यांवरच्या निशाणांना पुढे चुण्या पाडण्याची प्रथा पडली, ती अलीवालला रक्ताने कडक झालेल्या निशाणांची आठवण म्हणून. हेन्री मार्टेन्सने काढलेली आणि जे. हॅरिसने पत्र्यावर उतरवलेली शीख युद्धांची चित्रं लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या अ‍ॅकरमनने प्रसिद्ध केली होती. आमच्या लॉटमधलं चित्र त्यांपैकी एक असल्याचा दावा होता. दावाच म्हणायचा, कारण फोटोत खालची प्रकाशकाची ओळ अर्धी कापलेली दिसत होती.

दुसरं चित्र मैवंदचं. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारच्या पश्चिमेला अयूब खानाच्या फौजेने ब्रिगेडिअर जनरल बरोझच्या सुमारे अडीच हजारांच्या तुकडीचा धुव्वा उडवला, त्या दिवसाचं. हे लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातलं जोडपान होतं आणि मधोमध घडी होती. तिसरं १८५७ मधल्या दिल्लीच्या काश्मीर दरवाजाचं. त्याच्याखाली लंडन प्रिंटिंग अँड पब्लिशिंग कंपनीचं नाव होतं. उठाव शमतो न शमतो तोच या कंपनीने त्याचा इतिहास हप्त्याहप्त्याने विकायला काढला होता. त्यात पोलादी पत्र्यावर कोरलेली चित्रं असत. हे पान त्यातलंच असणार. उरलेली दोन लहान पानं सेनापतींच्या छब्यांची होती. ती बाजारात ढिगाने मिळतात, त्यांच्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

लाल रंगाचा फसवा पुरावा

भाचीचं पहिलं मत फोटो पाहूनच झालं होतं. ब्रिटिश लान्सर निळ्या गणवेशात असत असं तिने वाचलं होतं, त्यामुळे अलीवालच्या चित्रातली लालभडक जाकिटं तिला खटकली. कुणीतरी नंतर अंदाजाने रंगवलं असणार, असं ती म्हणाली. मैवंदचं चित्र मात्र तिला अस्सल वाटत होतं. गोरे शिपाई लाल डगल्यात, हिंदी शिपाई लाल डगल्यात, मागे पिवळट डोंगर. लाल डगलेवाले इंग्रज आपण लहानपणापासून पाहत आलोय, मग शंका कशाला यावी?

वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. १८४० च्या सुमारास लान्सर रेजिमेंट पुन्हा निळ्या गणवेशावर आल्या, पण १६ व्या लान्सर्सनी आपला लाल कायम ठेवला. त्यांना 'स्कार्लेट लान्सर्स' म्हणत ते त्यामुळेच. अलीवालला त्यांच्या अंगावर लाल असणं बरोबर आहे. गणवेशाच्या बाबतीत मार्टेन्सची नजर पक्की होती आणि त्याची चित्रं घेणाऱ्यांमध्ये लष्करी अधिकारीही असत. त्यांच्यासमोर चुकीच्या रंगाचं जाकीट खपलं नसतं. दुसऱ्या अफगाण युद्धात मात्र फौजा खाकीत लढल्या. मैवंदला ६६ व्या रेजिमेंटचे गोरे शिपाई खाकी सुती कपड्यांत होते. जुलैच्या त्या उन्हात लाल लोकरी डगला घालून उभं राहण्याची कल्पनाच करवत नाही. काश्मीर दरवाजाच्या चित्रातही तोच घोटाळा आहे. १४ सप्टेंबर १८५७ च्या हल्ल्यापर्यंत दिल्लीपुढच्या कितीतरी पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे मळकट खाकी रंगात बुडवून घेतले होते, ६० वी रायफल्स तर मुळातच हिरव्या गणवेशाची. चित्रात मात्र सगळे एकजात लाल.

इथे एक सापळा आहे आणि बरेच जाणकार त्यात अडकलेले मी पाहिले आहेत. गणवेशाचा रंग चुकला म्हणजे रंग नंतरचा, असा निष्कर्ष निघत नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये छापचित्रं रंगवणाऱ्या कारखान्यांत बायका आणि मुलं ओळीने बसत. समोर एक नमुना ठेवलेला असे. एकाने सगळ्या कागदांवर लाल लावायचा, शेजारणीने निळा, तिसऱ्याने गवत. त्यांच्यापैकी कुणी दिल्ली पाहिलेली नव्हती. १८५८ मध्ये रंगवलेलं चित्रही तितकंच चुकीचं असू शकतं आणि १९८० मध्ये एखाद्या अभ्यासू माणसाने पुस्तक समोर ठेवून अगदी अचूक रंगवलेलं असू शकतं. गणवेशाचं ज्ञान चित्राबद्दल बोलताना कामाला येतं, रंगाचं वय सांगायला ते कुचकामी आहे. म्हणून तिला म्हटलं, "लाल विसर. पाहणीच्या दिवशी जा, फ्रेम उघडून मागता आली तर माग, नाहीतर काचेतून पाहा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खिशातला अतिनील दिवा बरोबर ठेव. आधी कागद, मग रेघ, रंग शेवटी."

पाहणीच्या दिवशी

लिलावगृहातल्या मंडळींनी फ्रेम उघडून दिल्या, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी हे विनंती केल्यावर होतं, पण ते करून घ्यायचं बऱ्याच जणांना सुचत नाही.

अलीवालपासून सुरुवात केली. हे चित्र अ‍ॅक्वाटिंट असल्याचा दावा होता. अ‍ॅक्वाटिंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवतात आणि पत्रा गरम करून ती चिकटवतात. मग पत्रा आम्लात जातो. राळेच्या कणांखालचा धातू वाचतो, भोवतालचा खाल्ला जातो. त्यामुळे छापलेल्या करड्या छटेत भिंगाखाली पांढरी इवलीशी बेटं आणि त्यांच्याभोवती काळं जाळं दिसतं. भाचीने आभाळाच्या कडेवर आणि घोड्यांच्या पायांखालच्या सावलीवर भिंग धरून फोटो पाठवले. जाळं स्पष्ट होतं.

पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या चित्रांच्या फोटोग्रॅव्ह्युअर, म्हणजे फोटोवरून पत्रा करून छापलेल्या, प्रतिकृतीही निघाल्या, आणि त्या तंत्रातही राळेचीच पूड वापरतात. जाळं तिथेही दिसतं. फरक बाह्यरेषांत असतो. खऱ्या अ‍ॅक्वाटिंटमध्ये भाल्याची काठी, लगाम, घोड्याच्या मानेवरचे केस या रेषा सुईने वेगळ्या ओढलेल्या असतात, म्हणून त्या सलग आणि धारदार येतात. फोटोवरून केलेल्या पत्र्यात रेषा आणि छटा एकाच पूडीतून गेलेल्या असतात, त्यामुळे रेषेच्या कडाही दाणेदार होतात. भाचीला मी एका लगामाची रेष धरून टोकापर्यंत जायला सांगितलं. ती घोड्याच्या तोंडापासून स्वाराच्या मुठीपर्यंत कुठेही न तुटता गेली होती. इथे निम्मी लढाई जिंकली. ऑफसेट छपाईत दिसतात तसे रंगीत ठिपके कुठेच नव्हते, हे वेगळं सांगायला नको.

वाईट बातमी कागदाच्या कडेला होती. अशा चित्राभोवती पत्र्याच्या दाबाने उमटलेली खोलगट चौकट असते. ती चौकट इथे नव्हती, कारण कागद तिच्या आतूनच कापला होता. एखाद्या लहान फ्रेममध्ये बसवण्यासाठी कुणीतरी कात्री चालवली आणि प्रकाशकाची ओळ मधोमध छाटली. अक्षरांचे वरचे अर्धे भाग शिल्लक होते. त्यांतून 'अ‍ॅकरमन' ओळखू येत होतं, पण तारीख गेलेली. शिवाय पूर्ण कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. त्यामुळे उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहण्याची सोय राहिली नाही. त्या काळातल्या चांगल्या इंग्रजी कागदात 'जे. व्हॉटमन' आणि वर्ष असं जलचिन्ह बरेचदा सापडतं. चित्रावर १८४६ आणि कागदात पुढचं कुठलं तरी वर्ष, असं निघालं तर प्रत उशिरा काढलेली आहे हे कळतं. तो पुरावा पुठ्ठ्याने अडवला होता.

आता रंग. जाकिटांचा लाल दोन थरांत होता. खाली पातळ, वर घडीच्या सावल्यांपुरता गडद, आणि दोन्ही रेषेच्या आत. बुटांवर आणि गडद घोड्यांच्या पाठीमागच्या भागावर तिरप्या उजेडात चकाकी दिसत होती. तो गोंदाचा हात. काळोखे भाग उठून दिसावेत म्हणून त्या काळी ते डिंकाच्या पाण्याने झिलईदार करत. कागदावरचे तपकिरी बुरशीचे ठिपके रंगाच्या वर आलेले होते, रंगाच्या खाली दडलेले नव्हते. ठिपके पडायला वेळ लागतो, तेव्हा रंग त्यांच्याआधीचा. मोठ्या संग्रहालयांनी ऑनलाइन ठेवलेल्या याच चित्राच्या प्रतींशी घोड्यांचे रंग आणि खोगिरांवरची कापडं ताडून पाहिली. लंडनचं नॅशनल आर्मी म्युझियम आणि अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातला अ‍ॅन एस. के. ब्राउन लष्करी संग्रह ही यासाठी हक्काची ठिकाणं आहेत. एकाच नमुन्यावरून रंगवलेल्या प्रतींत पांढरा घोडा पांढराच राहतो आणि तपकिरी तपकिरीच. इथे ताळा जमला.

मग अतिनील दिवा. कागद मंद, पिवळसर राहिला. १९५० च्या सुमारापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालू लागले, ती या दिव्याखाली निळसर पांढरी लखलखतात. तसं काही झालं नाही. पण उजव्या खालच्या कोपऱ्यात, पडलेल्या तोफेच्या चाकाजवळ, तळहातापेक्षा लहान एक भाग काळपट पडला. साध्या उजेडात तो भाग शेजारच्या धुळीसारखाच दिसत होता. टायटॅनियमचा पांढरा रंग या दिव्याखाली असा गडद दिसतो आणि चित्रकारांच्या पेटीत तो १९२० च्या दशकापासून आला. जुना झिंकचा पांढरा सहसा पिवळट हिरवा उजळतो. म्हणजे कोपरा फाटला होता, कुणीतरी विसाव्या शतकात तिथे कागद भरून वर रंग मारला होता. भिंगाखाली तिथलं राळेचं जाळंही तुटलेलं होतं, त्याऐवजी बारीक कुंचल्याने काढलेले ठिपके. काम सफाईदार होतं. फक्त यादीत त्याचा उल्लेख हवा होता.

घडीतला गडद लाल

मैवंदच्या जोडपानाचं निदान त्यापेक्षा सोपं झालं, पण मला तेच जास्त शिकवून गेलं.

१८४२ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघालं आणि १८६९ च्या अखेरीस 'ग्राफिक'. या साप्ताहिकांतली युद्धचित्रं लाकडावर कोरलेली असत. बॉक्सवुड नावाचं अतिशय घट्ट लाकूड आडवं कापून त्याच्या छेदावर कोरायचं. त्या झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठा ठोकळा मिळत नाही. जोडपानासाठी लहान ठोकळे मागून बोल्टने जोडत, चित्र आखलं की पुन्हा सुटे करून अनेक कारागिरांना वाटत, आणि कोरून झाल्यावर परत जोडत. जोड कितीही घट्ट बसवला तरी छपाईत कुठेतरी केसासारखी पांढरी रेघ राहते. आमच्या चित्रात ती एका घोड्याच्या डोक्यातून सरळ खाली शिपायाच्या खांद्यातून गेली होती. म्हणजे छपाई अस्सल, याबद्दल वादच नव्हता.

ही पानं काळ्या शाईत छापून विकली जात. नाताळच्या खास अंकांत १८५५ पासून रंगीत छपाई दिसते, पण दर आठवड्याच्या बातमीच्या पानांवर हाताने रंग देणं शक्यच नव्हतं. हजारो प्रती काही दिवसांत बाहेर पडायच्या. तेव्हा अशा पानावर हाताचा रंग दिसला की तो कुणीतरी नंतर दिलाय, हे गृहीत धरूनच पुढे जावं. विसाव्या शतकात बऱ्याच व्यापाऱ्यांनी या साप्ताहिकांचे बांधीव खंड फोडले, पानं सुटी केली, रंगवली आणि माउंटमध्ये, म्हणजे मधोमध खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, घालून विकली. काळी पानं पडून राहत, रंगीत जात. 'नंतर रंगवलेलं' असं लिहून विकलं तर त्यात फसवणूक काहीच नाही. मला खटकतं ते न लिहिणं.

आमच्या पानावरचा पुरावा घडीत होता. मधल्या घडीवर कागदाचे तंतू मोडून मोकळे झाले होते आणि त्या तंतूंनी लाल रंग शोषून घेतला होता. घडीच्या दोन्ही बाजूंना फिकट लाल, मधोमध एक गडद, जवळजवळ किरमिजी पट्टी. कागद घडी घालून, उघडून, झिजल्यावरच कुंचला फिरला, याहून स्पष्ट साक्ष कुठली मिळणार? डाव्या कडेला एक जुनी फाट होती, तिच्या आतल्या धाग्यांवरही लाल. आणि माउंटचा पुठ्ठा अतिनील दिव्याखाली निळा चमकला. रंग माउंटच्या खिडकीच्या जरा आत थांबला होता, त्यापलीकडचे शिपाई बिनरंगी. म्हणजे माउंट कापल्यावर, किंवा निदान खिडकी आखल्यावर, रंगवलं.

काश्मीर दरवाजाच्या पानावर स्फोटाचा धूर पांढऱ्या घट्ट रंगाने काढला होता आणि तो धूर दिव्याखाली काळा पडला. टायटॅनियम. पोलादी पत्र्यावरच्या इतक्या नाजूक रेषा त्या रंगाखाली बुजवून टाकाव्यात याचं वाईट वाटतं. पोलाद वापरायचं कारणच ते होतं की रेषा केसाइतकी बारीक कोरता येते आणि हजारो प्रती काढल्या तरी झिजत नाही.

बोली

हिशेब असा मांडला. दोन छब्या आणि काश्मीर दरवाजा यांची किंमत जवळपास शून्य धरायची. मैवंदचं पान आवडीपुरतं, थोडेसे पौंड. सगळा भार अलीवालवर. पूर्ण कडांची, न चिकटवलेली, त्याच वेळी रंगवलेली प्रत असती तर तिच्यासाठी आम्ही जेवढं मोजलं असतं, त्याचं निम्मं. कापलेली कड परत येत नाही, पुठ्ठा काढायला पैसे लागतात, कोपऱ्याची दुरुस्ती कायमची. रंग मात्र प्रसिद्धीच्या वेळचा होता, आणि संग्राहकाच्या दृष्टीने मोल त्याचंच. नंतर रंगवलेली पूर्ण कडांची प्रत आणि मूळ रंगाची कापलेली प्रत समोर असतील तर मी दुसरी घेईन. याबाबत मतं वेगळी असू शकतात. पण कड कापताना कागद गेला, चित्रातलं काम नाही. नवा रंग त्या कामावरच चढून बसतो.

हातोड्याच्या बोलीवर लिलावगृहाचं कमिशन आणि त्या कमिशनवर व्हॅट लागतो, हे धरून तिने कमाल बोली ३२० पौंड ठरवली आणि ती लेखी देऊन टाकली. सभागृहात बसून हात वर करत राहिलं की आकडा सुटतो, म्हणून लेखी. लॉट २६० ला मिळाला.

घरी आल्यावर

अलीवालचं चित्र कागद-संवर्धकाकडे गेलं. भाचीची अपेक्षा होती की पाण्यात बुडवलं की पुठ्ठा सुटेल. तसं करता येत नाही. गोंदाची झिलई पाण्यात विरघळते आणि लाल पसरतो. त्यामुळे पुठ्ठा मागून कोरडाच, थरावर थर सोलत काढला गेला. शेवटचा पातळ थर मोजक्या ओलाव्याच्या लेपाने. कामाला वेळ लागला, पैसेही चित्राच्या किमतीच्या मानाने बरेच गेले. जलचिन्ह मिळालं नाही. कागद कापताना ते गेलं असावं, किंवा या भागात कधी नव्हतंच. पण मागच्या बाजूला, पुढच्या गवताच्या बरोबर पाठीमागे, फिकट तपकिरी सावली उमटलेली होती. तांब्याचा अंश असलेला जुना हिरवा रंग कागदाला असा हळूहळू जाळत जातो, आणि ती सावली तयार व्हायला दीर्घ काळ लागतो. ठिपके, नमुन्याशी जुळणारे घोडे, गोंद आणि आता ही सावली. एकेकटा पुरावा कच्चा ठरला असता, चौघे मिळून माझं समाधान झालं.

मैवंदबद्दल तिला वाटत होतं की नंतरचा रंग धुऊन टाकावा आणि मूळ काळं चित्र परत मिळवावं. संवर्धकाने नकार दिला आणि तो योग्यच होता. वर्तमानपत्राचा तो कागद शोषून घेणारा, रंग तंतूंत उतरलेला. धुतला तर डाग राहणार आणि घडीवरून कागद दोन होणार. मग तिने दुसरा मार्ग काढला. त्याच अंकाचं न रंगवलेलं जोडपान शोधलं. एका जुन्या खंडातून सुटलेलं, रंगीत पानापेक्षा स्वस्तात मिळालं.

दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर जे दिसलं ते या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. मैवंदला गोऱ्या ६६ व्या रेजिमेंटबरोबर मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या : बॉम्बे ग्रेनेडिअर्स, जेकब्ज रायफल्स, खंदक-सुरुंगांचं काम करणाऱ्या सॅपर्सची तुकडी, तिसरं बॉम्बे लाइट कॅव्हलरी, सिंध हॉर्स. मुंबई लष्करात कोकणातली आणि देशावरची माणसं मोठ्या संख्येने भरती होत. त्या दिवशी बरोझच्या तुकडीतले हजाराच्या आसपास लोक मेले. ६६ व्या रेजिमेंटसाठी रेडिंग शहरातल्या फोर्बरी बागेत १८८६ मध्ये भलामोठा लोखंडी सिंह उभा राहिला. हिंदी शिपायांच्या वाट्याला बहुतेक अशा छापचित्रांतल्या मागच्या रांगा आल्या. रंगीत पानात त्या मागच्या रांगेतले सगळे चेहरे एकाच सपाट तपकिरी रंगाने भरलेले आहेत. रंग डोळ्यांवरून, मिशांवरून, कुठे कुठे पागोट्याच्या कडेवरूनही गेलाय. काळ्या पानात तेच चेहरे वेगवेगळे आहेत. एकाच्या गालाखाली आडव्या रेघांनी खोबण कोरलीय, दुसऱ्याचं तोंड अर्धवट उघडं आहे, तिसरा मागे वळून पाहतोय. लंडनमधल्या त्या अनाम कोरणाऱ्याने मैवंद पाहिलं नव्हतं, हे चेहरेही त्याच्या कल्पनेतलेच असणार. तरी त्याने प्रत्येकाला निराळं केलं होतं. रंगवणाऱ्याने ते काम पुसून टाकलं.

या चित्रांकडे आपण मराठी माणसांनी कोणत्या नजरेने पाहावं, असं मला कधी कधी विचारलं जातं. ती विजेत्याच्या बाजूने काढलेली आहेत, हे उघड आहे. मैवंदसारखा पराभवही त्यांत शौर्याची गोष्ट होऊन येतो. पण त्यांत आपल्याकडची माणसं उभी आहेत, आणि त्या काळातली त्यांची चित्रं इतकी कमी आहेत की मागच्या रांगेतला चेहराही मला सोडवत नाही. म्हणून भाचीला मी सुचवलं की यापुढे साप्ताहिकांची पानं घ्यायची तर बिनरंगीच घे. तिने ते मानलं. अ‍ॅक्वाटिंटची गोष्ट निराळी. ती रंगासाठीच बनवलेली असतात, बिनरंगी प्रत अपुरी वाटते.

अलीवाल आता आम्लरहित माउंटमध्ये आहे, भिंतीवर, खिडकीपासून लांब. जलरंगांसाठी संग्रहालयं पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास, म्हणजे मंदच, उजेड ठेवतात, तिनेही तेवढाच धरला आहे, आणि वर्षातले काही महिने चित्र उतरवून ठेवायचं ठरवलंय. प्रत्येक चित्राच्या माउंटमागे पेन्सिलने नोंद आहे. अलीवालच्या मागे लिहिलंय : 'अ‍ॅक्वाटिंट, रंग प्रसिद्धीच्या वेळचा, उजवा खालचा कोपरा विसाव्या शतकात भरलेला, कडा कापलेल्या, पुठ्ठा काढला.' दोन्ही छब्या तिने 'रंग बहुधा नंतरचा' असं स्पष्ट लिहून विकून टाकल्या. काश्मीर दरवाजाला तशा वर्णनासह अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. त्याची किंमत कमी करायला ती तयार आहे, वर्णन बदलायला नाही.